सामाईक भिंत : हक्क आणि खर्च

दोन घरांमध्ये एकच भिंत असली, तरी वर्षानुवर्षे त्यात कोणाला अडचण वाटत नाही. एकाला स्लॅब टाकायचा असतो तेव्हा मात्र ती कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. मग भिंतीच्या किमतीहून वकिलाची फी अधिक होते.

अशा वेळी प्रथम खरेदीखत काढावे. बँकेत गहाणाचे कागद पाहताना चतुःसीमा नीट वाचाव्या लागतात. तेथे ‘पूर्वेस सामाईक भिंत’ एवढे शब्द असले तरी निम्मा वाद मिटतो. कागदात काहीच नसेल आणि दोन्ही घरे भिंत सारखीच वापरत आली असतील, तर उलट पुरावा येईपर्यंत न्यायालय सहसा ती सामाईक धरते.

सामाईक म्हणजे निम्म्या जाडीवर आपण हवे ते करावे, असे नव्हे. कनकय्या विरुद्ध नरसिंहुलू या १८९५ च्या खटल्यात एका सहमालकाने दुसऱ्याच्या संमतीवाचून भिंत उंच केली. मद्रास उच्च न्यायालयाने वाढीव बांधकाम काढावयास लावले.

भिंत पूर्णपणे आपली असून शेजाऱ्याची तुळई तिच्यावर टेकली असेल, तर प्रकार वेगळा. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे असा आधार हक्क म्हणून, उघडपणे व अखंड वीस वर्षे घेतला, तर तो कायम होतो. परवानगीने घेतलेल्या आधाराचा मात्र हक्क होत नाही. म्हणून शेजारधर्म जरूर पाळावा, पण परवानगी कागदावर द्यावी. त्यात संकोच कसला?

आता खर्च. इंग्लंड व वेल्समध्ये यासाठी १९९६ चा स्वतंत्र कायदा आहे. सामाईक भिंतीच्या कामाची लेखी नोटीस दोन महिने आधी द्यावी लागते. आपल्याकडे तसा कायदा नाही. करार कायदा, १८७२ मधील कलम ७० चा आधार घेता येतो : काम कायदेशीर असावे, फुकट करण्याचा हेतू नसावा आणि शेजाऱ्याने त्याचा लाभ घेतलेला असावा. त्याने आधीच नकार दिलेले काम लादले, तर दावा लंगडा पडतो. म्हणून गवंड्याचा अंदाज जोडून आधी रजिस्टर पत्र पाठवावे. फोटो व पावत्या जपाव्यात. स्वतःच्या माडीसाठी भिंत मजबूत करणाऱ्याने शेजाऱ्याकडे निम्मे पैसे मागणे मला तरी न्याय्य वाटत नाही.

वकील परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना मोफत वकील मिळू शकतो. दावा दाखल होण्यापूर्वीही प्रकरण लोकअदालतीपुढे नेता येते.