तबल्याची बाजू

रात्रीचे अडीच वाजले होते, नाटकाचा तिसरा अंक चालू होता, आणि माझ्या लॅपटॉपमधला तबला नाहीसा झाला. बासरी येत होती, मागचा स्वरांचा भरणा येत होता. तबला आणि खालचा खर्ज तेवढा गायब. नायकाची एन्ट्री नेमकी तबल्याच्या तिहाईवर बांधलेली. तिहाई आली नाही म्हणून नायक विंगेतच उभा, आणि समोर आरमोरीकडच्या एका गावाचं गच्च भरलेलं पटांगण.

झाडीपट्टीचं नाटक ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दिवाळी झाली, धान घरात आलं की गडचिरोली-चंद्रपूरच्या गावांत मंडई म्हणजे गावजत्रा, शंकरपट आणि त्यांच्या जोडीनं नाटकं सुरू होतात, ती होळीपर्यंत. कंपन्यांचं ठाणं म्हणजे वडसा; स्टेशनच्या पाटीवर वडसा, सरकारी कागदावर देसाईगंज. नाटक रात्री सुरू होतं आणि उजाडता उजाडता संपतं. ऑर्गन आणि तबला रंगमंचासमोर जिवंत वाजतात. भुताचा सीन, पाठलाग, वादळ असलं काही आलं की अलीकडे लॅपटॉप लागतो. तो माझ्याकडे असतो.

त्यात वाजत होतं ते मी १९९८ साली बांधलेलं संगीत. तेव्हा मी चंद्रपूरला कॉम्प्युटर शिकत होतो आणि डॉसवर चालणाऱ्या फास्टट्रॅकर २ या प्रोग्रॅमच्या नादी लागलो होतो. असल्या प्रोग्रॅमना ट्रॅकर म्हणतात. पहिला ट्रॅकर कार्स्टन ओबार्स्की या जर्मन माणसानं १९८७ मध्ये अमिगा कॉम्प्युटरसाठी केला. ट्रॅकरच्या फाइलमध्ये गाण्याचं रेकॉर्डिंग नसतं. तबल्याचा एक ‘धा’, बासरीचा एक सूर असे छोटे तुकडे असतात, आणि कोणता तुकडा कधी, कोणत्या पट्टीत वाजवायचा याची उभी चोपडी असते. म्हणून अख्खं गाणं १.४४ एमबीच्या फ्लॉपीत मावून जागा उरायची. तुकड्यांना नाव द्यायला प्रत्येकी २२ अक्षरं मिळतात. मी तिथे रोमनमध्ये लिहून ठेवलं होतं, कोणता बोल कोणत्या गावच्या तबल्यावरून घेतला ते. ती फाइल उघडली की अजून ती गावं दिसतात.

चोपडी एकच, पण वाचणारा प्लेयर बदलला की वाजणं बदलतं, हे मला पंचवीस वर्षं उमगलं नव्हतं.

त्या रात्री काय झालं ते ऐका. अमिगात चार चॅनेल होते: पहिला आणि चौथा डाव्या स्पीकरला, दुसरा आणि तिसरा उजव्या. माझी ट्रॅकरची फाइल मॉड या प्रकारची; अशी फाइल वाजवताना बरेच प्लेयर आजही हीच वाटणी पाळतात. माझा तबला दुसऱ्यावर, खर्ज तिसऱ्यावर. साऊंडवाल्यानं लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात मोनो पिन घातली, आणि मोनो पिन फक्त डावी बाजू उचलते. घरी हेडफोनवर मी दहा वेळा ऐकलं होतं, तेव्हा दोन्ही कान भरलेले. पटांगणात पोचलं ते अर्धं. मिक्सरची लेवल वाढवून काय होणार? मी मात्र तेच करत बसलो. त्यानं बासरी तेवढी किंचाळली.

तुमच्यावर अशी वेळ आली तर लेवलला हात लावू नका, आधी पिन बघा. दुसरी पिन नसेल तर प्लेयरमध्ये स्टिरिओ सेपरेशन नावाची सोय शोधा आणि ती शून्यावर आणा. चारही चॅनेल मधोमध येतात. ओपनएमपीटी या फुकट प्रोग्रॅममध्ये ती आहे. शिवाय त्यात एकेक चॅनेल बंद करून ऐकता येतो, त्यामुळे कोण गप्प बसलाय ते मिनिटात कळतं.

बाकीची फजिती मी हप्त्याहप्त्यानं भोगली आहे. एकदा फाइल उघडेचना, व्हिडिओचा प्रोग्रॅम उघडून काळा पडदा दाखवायचा. कारण काही जुने कॅमकॉर्डरही आपल्या व्हिडिओला .मॉड हेच शेपूट लावत. शंका आली तर हेक्स एडिटरमध्ये १०८० व्या बाइटपाशी पाहा. तिथे ‘एम.के.’ ही रोमन अक्षरं सापडली तर चार चॅनेलचं गाणंच आहे, हे बहुतेक वेळा खरं निघतं.

लयीचा घोळ याहून वाईट. ट्रॅकरमध्ये ‘एफ’ ही खूण वेगाची. तिच्यापुढचा आकडा ३१ पर्यंत असेल तर तो एका ओळीच्या टिका, म्हणजे वेळेचे बारीक ठोके, सांगतो, ३२ पासून पुढे असेल तर बीपीएम. नेहमीचा हिशेब ६ टिका आणि १२५ बीपीएम: ओळीला ०.१२ सेकंद, ६४ ओळींचा एक पॅटर्न ७.६८ सेकंदांत. फोनवरच्या एका प्लेयरनं १२५ लाही टिकाच समजल्या. तोच पॅटर्न १६० सेकंदांचा झाला, आणि पाठलागाच्या सीनमध्ये नायक-खलनायक पाण्यात चालल्यासारखे. लोक हसले. मला वाटलं फोन गरम झालाय!

तबल्याची चाट बोथट वाटली तर इंटरपोलेशन बंद करून पाहा. ते जुने ८ बिटचे तुकडे गुळगुळीत करतं आणि धार घालवतं. गाणं संपल्यावर पुन्हा सुरू होऊ नये म्हणून लूप बंद आहे ना, हे मरणाच्या सीनच्या आधी तपासा.

खरं सांगायचं तर प्रयोगाला मॉड फाइल नेऊच नये. घरी ओपनएमपीटीत सगळं जुळवा, मोनो करून ऐका, मग वेव्ह फाइल काढा आणि तीच पेनड्राइव्हवर न्या. वेव्ह कोणत्याही प्लेयरवर तीच वाजते. मूळ फाइल मात्र फेकू नका. लय बदलायची झाली तर तीच कामाला येते. आणि फ्लॉप्या अजून माळ्यावर असतील तर या आठवड्यात उतरवा, त्यांना बुरशी लागते.

त्या रात्रीचं राहिलंच. नायक विंगेत, मी घामाघूम. समोर बसलेल्या म्हाताऱ्या तबलजींनी मान वळवून विचारलं, “काऊन जी, तुमच्या डब्यातला तबला झोपला का?” आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता तिहाई वाजवली. नायक आत आला, टाळ्या पडल्या.

तेव्हापासून त्या सीनच्या वेव्हमध्ये मी दुसरा चॅनेल बंद ठेवतो. तबला तेच वाजवतात.