तिसरी विहीर

आटपाडी, रविवार

चि. मनूस मामाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून कागदावर लिहितोय. प्रदीप या पत्राचा फोटो काढून पाठवेल.

काल रात्री ताईचा फोन आला होता. आपल्या रव्यानं तिच्या कानावर घातलंय, की त्या म्हाताऱ्या पंपवाल्याच्या तिसऱ्या विहिरीपुढं तू 'कोरडी' असं लिहून टाकलंस, टेप आत सोडलीच नाहीस. ताईला त्यात वावगं वाटलं नाही. "म्हातारा कितीक वर्षं खेटे घालतोय, फाईल एकदाची बंद होईल, पोरीनं पुण्य केलं," म्हणाली. मला मात्र झोप लागली नाही.

मनू, खरंच टेप सोडली नाहीस?

मागच्या दिवाळीत ओसरीवर बसून, पंपाजवळच्या विहिरींचं पाणी तपासायचं तुझं काम तूच मला समजावलंस. पेट्रोल पाण्यावर तरंगतं. टेपचं टोक तेलाला लागलं की सलग आवाज, पाण्याला लागलं की तुटक. मग विहिरीत साचलेल्या पाण्याच्या तिप्पट पाणी उपसायचं, आणि नंतर चाळीस मिलिलिटरची बाटली अशी भरायची की आत हवेचा बुडबुडासुद्धा राहू नये. नमुना घ्यायच्या दिवशी गाडीत पेट्रोलही भरायचं नाही, हाताचा वास नमुन्यात उतरेल म्हणून. एवढं जपणारी पोर टेप सोडायचा आळस करेल, हे मला पटत नाही. आळस नसेलच. दया आली असेल. त्याचीच मला जास्त भीती वाटते.

आणि दुष्काळात पाणी खाली गेलं की पेट्रोल मातीच्या कणांना धरून बसतं, पाणी चढलं की पुन्हा सुटतं, हेही तुझंच सांगणं. मग कोरड्या विहिरीची नोंद तर जास्त जपून करायला हवी. तळ किती फुटांवर लागला, एवढं तरी हवं. तुमच्या कॅलिफोर्नियात बेंझीनची मर्यादा लिटरमागे एक मायक्रोग्रॅम. मी हिशेब करून पाहिला: एक ग्रॅम बेंझीन दहा लाख लिटर पाणी त्या रेषेवर नेऊन ठेवतं. म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडं येणारे दहा हजार लिटरचे शंभर टँकर, मनू. सांता मोनिकाची गोष्टही तूच सांगितली होतीस. पेट्रोलमधलं रसायन विहिरींत उतरलं आणि 1996 मध्ये शहराचं निम्मं पाणी गेलं.

आजोबा गेल्यावर मी कॉलेज सोडून हमरस्त्यावरच्या पंपावर लागलो, एवढं तुला माहीत आहे. पुढचं ताईलाही नीटसं ठाऊक नाही. सकाळी टाकीत पट्टी बुडवून डिप घ्यायची, विक्रीशी ताळा करायचा, हे माझं काम. रोज दहा-बारा लिटर कमी यायचं. थोडं पेट्रोल उडतंच, म्हणून घट धरलेली असायची. सगळं मी त्या घटीत बसवत गेलो. शेऱ्याच्या रकान्यात लिहायचो, 'उडाले'. असं लिही म्हणून मला कुणीही सांगितलं नव्हतं. पण टाकी उकरायची वेळ आली असती तर पंप बंद, पगार बंद, आणि ताईचं लग्न तोंडावर आलेलं.

पंपामागं भागाआत्याची विहीर होती. पावसाळ्यात पाणी चढलं तसा त्यावर मोरपिशी तवंग आला. आपला काळा दगड भेगाभेगांचा, कुठलं पाणी कुठं निघेल सांगता येत नाही. आत्या मला दुपारी भाकरी द्यायची. एक दिवस तिनं विचारलं, "बाळा, तुमच्या टाकीतलं तर नसंल?" मी नाही म्हणालो. त्यानंतर ती ओढ्यावरनं पाणी आणायची, माझ्यासमोरून, डोक्यावर दोन घागरी. आणि भाकरी द्यायचीच. ती गेली तरी मी खरं बोललो नाही.

तुझा म्हातारा चांगला माणूस असेल. सफाईसाठी तिथं सरकारी निधी आहे म्हणतेस, तर त्याचा अर्ज भरायला त्याच्याशेजारी बस, सुट्टीचा दिवस घाल. दया तिथं कर. पण त्याच्या कुंपणापलीकडंही कुणीतरी राहत असेल.

फार बोललो. रव्या लहानपणापासून अर्धवट ऐकतो. तू टेप सोडलीही असशील, आणि मी इथं रात्रभर उगाच तुला रागावत बसलो. तसं असेल तर माफ कर. नसेल सोडली, तर उद्या जाऊन सोड आणि आधीची नोंद चुकली म्हणून साहेबांना सांग. ते बोलतील, बोलू देत. नोकरी गेली तर इथं खोली आहे, तुझी गादी मामीनं परवाच उन्हात घातली.

हातमोजे दर विहिरीला बदलतेस ना? वास घेऊन पाहत जाऊ नकोस. दुपारचं जेवण चुकवू नकोस, रस्त्याच्या कडेला उभं राहून तर मुळीच खाऊ नकोस. ताईसोबत शेंगदाण्याची चटणी पाठवतोय, तिखट कमी घातलंय.

काय झालं असेल ते असो, फोन कर. तुझ्याकडची सकाळ म्हणजे माझी रात्र. मी जागाच असतो.

तुझा,
मामा