पोच घेतल्याशिवाय उठू नकोस

सूनबाई, नातवाच्या ॲडमिशनसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला निघालीसच आहेस, तर जरा टेक. लालबागच्या या चाळीत लोकांचे अर्ज लिहून देण्यात माझी उमर गेली, म्हणून सांगतो.

अर्ज ‘आपले सरकार’वर घरूनही भरता येतो. सेवा केंद्रात गेलीस तर मोबाईल नंबर मात्र तुझाच घाल. ‘वहिनी, माझा टाकतो, पटकन होईल’ म्हणणारा पोरगा वाईट नसतो. पण मग ओटीपी त्याच्याकडे, मेसेज त्याच्याकडे आणि तू रोज त्याच्या दारात.

पैशांच्या पावतीवर समाधान मानू नकोस. अर्जाची पोच माग आणि तिथेच वाच : अर्ज क्रमांक, तारीख, किती दिवसांत काम होणार. 2015च्या लोकसेवा हक्क कायद्याने ती द्यावीच लागते. ‘सर्व्हर डाऊन आहे, कागद ठेवून जा, नंतर भरतो’ म्हणाले तर कागद उचल आणि घरी ये. अर्ज चढलाच नाही तर मुदतीचा एक दिवसही मोजला जात नाही. दाखल्याला मुदत 15 दिवसांची आहे. ती टळली की काउंटरवर घसा कोरडा करू नकोस, 30 दिवसांच्या आत पहिलं अपील टाक. मग दुसरं, आणि त्यानंतर थेट लोकसेवा हक्क आयोग. विनाकारण उशीर ठरला तर साहेबाला 500 ते 5000 रुपये दंड. अर्ज नाकारला तर कारण लेखी घे. ‘वरून आलंय’ हे कारण नव्हे.

परळ नाक्याच्या वॉर्ड ऑफिसात काम पडलं तर आधी भिंतीवरचा फलक बघ. कुठली सेवा, किती दिवसांत, अपील कोणाकडे, हे लावणं कायद्याने बंधनकारक आहे. लोक त्याला टेकून उभे राहतात, वाचत कोणी नाही.

रेशनकार्ड आणि आधार शेजारी ठेवून नावं जुळव. एका वेलांटीपायी अर्ज परत आलेले मी पाहिलेत. डिजिलॉकरमध्ये खात्याने दिलेला कागद अस्सल धरतात, आपण फोटो काढून चढवलेला नव्हे.

आणि कधी आपल्या आत्याच्या कामाला गेलीस आणि तिला दिसत नसतानाही केवायसीला डोळे मिचकवायला लावले, तर ऐकून घेऊ नकोस. डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग, असं सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी सांगितलंय, याच मिचकवण्याच्या प्रकरणात.

सेवा केंद्रातून निघताना तिथल्या कॉम्प्युटरवरचं आपलं आधार समोर बसून डिलीट करून घे. डेस्कटॉपवरून गेलं तरी रीसायकल बिनमध्ये राहतं, तिथूनही.