सुगी आणि सरवा

फाल्गुन सरत आला म्हणजे माळव्याच्या काळ्या रानात गहू पिकून उभा राहतो. पिकलेले पीक कोणासाठी थांबत नाही. ओंबी अति वाळली की दाणा गळतो. गारपीट झाली तर चार महिन्यांचे श्रम घटकेत मातीस मिळतात. म्हणून शहरवासी आप्तांनीही अशा वेळी घरच्या शेतावर जावे, हे आम्ही कुलकर्तव्य मानतो.

पहाटे दवाने ओंब्या ओलसर असताना विळा चालविल्यास दाणा कमी झडतो. थोरांनी पेंढ्या बांधाव्या, मुलांनी त्या गोळा कराव्या. मात्र गळालेला सरवा गरिबांसाठी राहू द्यावा. असे धान्य वेचून जगणे हीच उंछवृत्ती. कुरुक्षेत्रातील अशाच एका ब्राह्मण कुटुंबाने दुष्काळात आपले प्रस्थभर जवाचे पीठ अतिथीस दिले. त्या दानापुढे युधिष्ठिराचा यज्ञही उणा, असे महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातील मुंगूस सांगते.

आता पुष्कळ ठिकाणी कापणी यंत्राने होते व मागे राहिलेली खुंटे पेटविली जातात. त्यात मातीतील असंख्य जीव जळतात आणि जमिनीचा कस जातो. सरवा गरिबांचा, तशी खुंटे मातीची. यंदा मुलांस शेतावर नेऊन हे दोन्ही नियम शिकवावेत.