नोंद वाढली, म्हणजे गुन्हे वाढले काय?

१६ डिसेंबर २०१२ रोजी दिल्लीतील मुनिरका येथे बसमध्ये चढलेल्या तरुणीवर अमानुष अत्याचार झाले. न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. देशात बलात्काराचे नोंदलेले गुन्हे २०१२ मध्ये २४,९२३, तर २०१३ मध्ये ३३,७०७ होते. यावरून कायदा निष्फळ ठरला, असे म्हणता येत नाही. दुरुस्तीने गुन्ह्याची व्याख्या विस्तारली. तक्रार न नोंदवणारा पोलीस अधिकारी शिक्षेस पात्र ठरला. म्हणून शासकीय संशोधन विश्लेषकाने पोलिसी नोंदींची तुलना स्त्रियांना थेट प्रश्न विचारणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाशी करावी. केवळ नोंदींचा आकडा घटणे हे धोरणाचे यश मानले, तर तक्रार दडपण्यासच प्रोत्साहन मिळेल.