मानेवरचा काळा पट्टा आणि मुलांचे यकृत

सातवीच्या विज्ञानात पोषणाचा भाग शिकवताना मी मुलांना यकृताबद्दल विचारतो. "सर, ते दारू पिणाऱ्यांचं खराब होतं," असं उत्तर हमखास येतं. मोठ्यांचाही समज हाच असतो. पण दारूचा थेंबही न घेतलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या यकृतात चरबी साठू शकते. यालाच फॅटी लिव्हर म्हणतात. यकृताच्या पाच टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी दिसली की तो आजार धरला जातो. 2021 मध्ये केंद्र सरकारने असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याचा समावेश केला.

अडचण अशी की हा आजार दुखत नाही. मूल खेळतं, जेवतं, शाळेत येतं. एक खूण मात्र आपल्याला वर्गातही दिसते. जाड मुलाच्या मानेच्या मागे, काखेत काळपट, जाडसर, मखमलीसारखी कातडी दिसते. घरी आई मान घासू घासू थकते, आणि पोराला "आंघोळ नीट करत नाही" म्हणून बोलणी बसतात. तो मळ नसतो. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते, आणि फॅटी लिव्हरही बहुतेक वेळा त्याच्याच सोबत येतं. अशा मुलाला वर्गात सगळ्यांसमोर काही बोलू नये. पालकांना बाजूला घेऊन सांगावं.

आपल्याकडे "पोरगं अंगानं भरलं" हे कौतुकाचं वाक्य आहे. त्यात भर म्हणजे आपली शरीरं फसवी असतात. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! म्हणून नुसत्या वजनकाट्यावर भागत नाही, टेप घ्यावा. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. 140 सेंटिमीटर उंचीच्या मुलाची कंबर 70 च्या आत. गणिताच्या तासालाही हे चालतं.

आता आहार. तेलकट खाण्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, गोडाकडे जात नाही. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. त्याचा निकाल मुख्यतः यकृतातच लागतो आणि जास्त झालं की त्याची तिथेच चरबी बनते. अमेरिकेत फॅटी लिव्हर असलेल्या 11 ते 16 वर्षांच्या 40 मुलांवर झालेला अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांच्या घरातून वरून घातलेली साखर जवळजवळ काढून टाकली. आठ आठवड्यांत त्यांच्या यकृतातली चरबी 25 टक्क्यांवरून 17 वर आली. नेहमीचं खाणाऱ्यांची 21 वरून फक्त 20 झाली. मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की आहार एकट्या मुलाचा नाही, सगळ्या घराचा बदलला होता. बापाने शीतपेयाची बाटली उघडायची आणि पोराला मूग खायला सांगायचं, हे चालत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला साधारण सहा चमचे साखर ही चांगली मर्यादा. दोन कप गोड चहाचे चार चमचे धरा. वर 200 मिलीची शीतपेयाची बाटली, तिच्यात पाचेक चमचे. बिस्किटं मोजलीच नाहीत. मी वर्गात रिकामी बाटली ठेवून मुलांकडून तेवढी साखर चमच्याने ग्लासात भरून घेतो. भाषणापेक्षा तो ग्लास जास्त बोलतो. गूळ घातला म्हणून हिशोब बदलत नाही. फळ अख्खं खावं, रस नको.

बदल्यात काय द्यायचं, यासाठी बुलडाण्यात लांब जायची गरज नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, मुगा-मटकीची उसळ, आंबाडीची भाजी, फुटाणे, ताक. शाळेच्या पोषण आहारात सहावी ते आठवीला 150 ग्रॅम धान्य, 30 ग्रॅम डाळ, 75 ग्रॅम भाजी आणि फक्त 7.5 ग्रॅम तेल ठरलेलं आहे. डबा भरताना हे प्रमाण डोळ्यासमोर ठेवलं तरी पुष्कळ. शेगावची कचोरी दर्शनाला गेल्यावर खावी, रोज शाळा सुटल्यावर नाही. 2020 च्या केंद्रीय नियमांनुसार जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत विकता येत नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या.

उपाशी मात्र ठेवू नका. वाढत्या वयात वजन आहे तिथेच थांबून उंची वाढली, तरी बऱ्याच मुलांना फायदा होतो. झटपट वजन उतरवण्याने यकृतावर उलट ताण येऊ शकतो. सोबत रोज तासभर घाम येईल असा खेळ हवा; कबड्डी, लंगडी, सायकल, काहीही.

मूल जाड असेल, मान काळी असेल किंवा घरात मधुमेह असेल, तर नऊ-दहा वर्षांपासूनच डॉक्टरांना एसजीपीटी या रक्ततपासणीबद्दल विचारा. गरज वाटली तर ते सोनोग्राफी सांगतील. 'लिव्हर टॉनिक'ची बाटली मनाने आणू नका. त्यातल्या अनेक सिरपांत साखर असते, लेबल वाचून बघा.