सीमा आणि पाकीट

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. संघराज्य शिकताना प्रश्न पडला : राज्याचा कायदा सीमेपलीकडे चालतो काय?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द केला. अनेक राज्यांनी बंदी घातली. तरी परराज्यांतील डॉक्टरांच्या गोळ्या टपालाने पोहोचू लागल्या. बंद पाकीट कोण तपासणार?

जानेवारी २०२५ मध्ये लुइझियानात न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरवर आरोप ठेवला गेला. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांनी तिला ताब्यात देण्याचे नाकारले. तेथे २०२३ पासून अशा डॉक्टरांना कायद्याचे संरक्षण आहे. मुलीसाठी गोळ्या मागवल्याचा आरोप असलेली आई मात्र लुइझियानाचीच. तिच्यावर खटला भरला गेला.

तात्पर्य, सीमेवर थिटा पडलेला कायदा शेवटी घराच्याच उंबरठ्यावर येतो.